हाकेच्या अंतरावर

‘लांब’ हा शब्द नानामामांच्या तोंडून मी आजवर ऐकलेला नाही. त्यांच्या लेखी पर्वती हाकेच्या अंतरावर आहे, कात्रजचा तलाव ‘जरा पुढे’ आहे आणि सिंहगड म्हणजे काय, पहाटे घरातून निघालं की पिठलं-भाकरीला वर. नाना म्हणजे हिचे सख्खे मामा. वय बहात्तर, अंगकाठी मिटलेल्या छत्रीसारखी, मुक्काम सदाशिव पेठ. हयात शिवाजीनगरच्या वेधशाळेत गेली. बत्तीस वर्षं ते घरून वेधशाळेत आणि वेधशाळेतून घरी चालत गेले-आले. सायकल होती. तीही सोबत असायची, पण तिच्यावर बसत नसत. हातात धरून चालत. परतताना भाजीची पिशवी टांगायला बरी पडते म्हणून.

चालणारी माणसं तशी घरोघरी असतात. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, कुणाला मनगटावरच्या घड्याळाने, कुणाला कुत्र्याने. नानांना कुणी सांगावं लागत नाही. त्यांना चालायला आधी एखादं वाहन मात्र लागतं. म्हणजे असं : रिक्षा थांबवायची, ‘मार्केट यार्ड किती घेणार?’ विचारायचं, आकडा शांतपणे ऐकून घ्यायचा, आणि मग ‘अहो, तेवढ्यात मी चालत जाऊन परत येईन’ असं म्हणून खरोखरच चालू लागायचं. मामी मागे दहा पावलांवर. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण ही दहा पावलं ना कधी आठ झाली ना बारा.

आणि वही. छोटी, खिशातली, दर जानेवारीत नवी. तीत नाना न केलेल्या प्रवासाचा हिशेब लिहितात. तारीख, कुठून, कुठे, वाहन, वाचलेली रक्कम. महिनाअखेर बेरीज आणि बेरजेखाली दोन रेघा. या वह्यांचा एक ट्रंकभर गठ्ठा माळ्यावर आहे. ‘त्यात माझ्या चार पाटल्या आहेत,’ मामी म्हणतात, ‘पण वहीतल्या पाटल्या हातात घालायच्या कशा ते काही हे सांगत नाहीत.’

तर हे नाना आणि या मामी २०२३ च्या नोव्हेंबरअखेर आमच्याकडे म्युनिकला आले. आम्ही राहतो हायडहाऊझेनमध्ये, पूर्व स्टेशनपासून पाच मिनिटांवर. घरासमोर ट्रामचा थांबा. आल्याच्या दुसऱ्या दिवशी नाना मला घेऊन स्टेशनवरच्या तिकीट-यंत्रासमोर उभे राहिले.

‘एका फेरीचे किती पडतात?’

‘शहराच्या हद्दीत कुठेही जा, ३ युरो ७० सेंट.’

युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता. नानांनी डोळे मिटून गुणाकार केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तसा मी आल्प्सवर सूर्य उगवतानाही पाहिलेला नाही. एका फेरीला तीनशे तेहतीस रुपये! पुण्यात महिनाभर तंगडतोड केली तरी एवढं वाचायचं नाही. इथे नुसतं कोपऱ्यापर्यंत गेलं तरी वाचत होतं. मामींचे धरून दुप्पट.

‘आणि जावईबापू, तुमचे?’

माझ्याकडे ४९ युरोंचा महिन्याचा पास आहे, तो देशभर चालतो, असं मी सांगितलं.

‘म्हणजे तुम्ही बसलात काय, चाललात काय, वाचत काहीच नाही?’

‘नाही.’

नानांनी माझ्याकडे जरा कणवेने पाहिलं. ‘मग तुमचं चालणं अक्कलखाती,’ ते म्हणाले, आणि वहीत माझ्या नावाचा वेगळा रकाना आखून त्यात त्यांनी फुली मारली.

*

शुक्रवार, १ डिसेंबर. मी रजा टाकली होती. शनिवार-रविवार धरून तीन दिवस शहर दाखवायचं, असा बेत. बेत अर्थात नानांनी आखलेला. माझ्याकडे फक्त रस्ते ओळखण्याचं काम. सकाळी चहा घेताना फोनवर हवामानाचा इशारा आला : संध्याकाळपासून जोरदार बर्फ. मी तो वाचून दाखवला.

इथे एक सांगायला हवं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात. नाना त्या वास्तूत बत्तीस वर्षं होते हे शंभर टक्के खरं आहे. ते लेखा विभागात होते, हेही तितकंच खरं आहे. पण ही दुसरी गोष्ट आमच्या घराण्यात कुणी काढत नाही. लग्नाच्या तारखा, मुंजी, पापड-कुरडया, गच्चीवरचं वाळवण, सगळं नानांना विचारून ठरतं. पाऊस आला तर ‘वाऱ्याने दगा दिला’ म्हणतात. नानांनी दगा दिला असं म्हणत नाहीत.

नाना गॅलरीत गेले. आकाशाकडे पाहिलं, नाकाने हवा ओढली.

‘शिडकावा,’ ते म्हणाले. ‘तोही झाला तर.’

‘पण नाना, फोनवर...’

‘फोन म्हणजे वेधशाळा का? तुमचं म्युनिक समुद्रसपाटीपासून किती उंच?’

‘५२० मीटर.’

‘पुणे ५६०. आम्ही तुमच्यापेक्षा चाळीस मीटर वरून आलोय, जावईबापू. चला.’

या युक्तिवादावर काय बोलावं हे मला आज इतक्या दिवसांनीही सुचलेलं नाही.

निघालो. माकडटोपी, मफलर, कॅनव्हासचे बूट. मी माझे जुने बर्फाचे बूट देऊ केले होते. त्यांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि ‘हे घालून माणूस उभा राहू शकेल, चालणार कसा?’ म्हणून परत केले. थांब्यावर ट्राम उभी होती, दारं उघडी. नाना तिच्यापाशी थांबले, आतल्या गरम हवेची झुळूक चेहऱ्यावर घेतली, चालकाला मानेने नमस्कार केला आणि पुढे चालू लागले. वहीत दोन नोंदी, एक फुली.

नाना परक्या शहरात कधीच हरवत नाहीत, कारण ते पुण्यातूनच चालत असतात. घरापासून इझार नदीचा पूल ओलांडून जुन्या शहराच्या वेशीपर्यंत, म्हणजे इझारटोरपर्यंतचं अंतर ‘शनिपार ते स्वारगेट’ भरलं. तिथून मारिएनप्लाट्झचा चौक ‘मंडईतून शनिपार’. इझारटोरच्या बुरुजावर एक घड्याळ आहे, त्याचे काटे उलटे फिरतात. कार्ल व्हॅलेंटीन नावाच्या इथल्या विनोदी नटाचं संग्रहालय त्या बुरुजात आहे आणि त्याच्या तिरकस डोक्याला शोभेल म्हणून ते घड्याळ तसं केलंय. हे मला माहीत होतं. पण मी सांगायच्या आत नानांनी मनगटावरचं घड्याळ काढून त्या घड्याळाशी पडताळून पाहायला सुरुवात केली होती. दोन मिनिटं ते एकदा वर, एकदा खाली बघत राहिले.

‘मुद्दाम केलंय नाना, गंमत म्हणून.’

‘मुद्दाम असेल तर ठीक,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं, माझं बिघडलं.’

बाराच्या ठोक्याला आम्ही मारिएनप्लाट्झवर. टाऊन हॉलच्या मनोऱ्यात ४३ घंटा वाजू लागतात आणि माणसाच्या उंचीच्या ३२ बाहुल्या गोल फिरतात, ते बघायला सगळा चौक माना वर करून उभा असतो. वरच्या मजल्यावर इथल्या राजपुत्राचं, पाचव्या विल्हेल्मचं १५६८ सालचं लग्न, वरातीपुढे घोडेस्वारांची झुंज. खालच्या मजल्यावर पिंपं बनवणाऱ्या कारागिरांचा नाच. शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो.

‘१५६८,’ नाना म्हणाले. ‘म्हणजे तालिकोटची लढाई होऊन तीन वर्षं झाली होती.’ मनोऱ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की तिकडे विजयनगर बेचिराख झालं आणि यांना लग्नं सुचत होती.

‘लग्न पाहिलं,’ मागून मामी म्हणाल्या. ‘पंगत कुठाय?’

पंगत व्हिक्टुआलिएनमार्क्टमध्ये, उभ्याने. हा इथला मंडईचा बाजार. मामी कोबीच्या आंबवणापाशी रमल्या, त्यांना घेऊन पुढे निघायला अर्धा तास लागला. तिथून सेंडलिंगर टोर, तिथून उलटे ओडेऑन्सप्लाट्झ, तिथून राजवाड्याच्या बागेतून इंग्लिश गार्डनच्या तोंडाशी. तिथे तेव्हा आइसबाख नावाचा ओढा पुलाखालून उसळी घेऊन बाहेर येत होता आणि त्या एकाच लाटेवर पोरं फळ्या घेऊन तोल सांभाळत उभी होती, भर थंडीत, काळे रबरी कपडे चढवून. पर्यटक तास-तास बघत. नाना पाच मिनिटं कठड्याला टेकून बघत होते.

‘हा मघापासून जोरात चाललाय,’ ते म्हणाले, ‘आणि पोचत कुठेच नाहीये.’

त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

*

साडेचारला अंधार झाला. आम्ही बागेच्या मधोमध चिनी मनोऱ्यापाशी होतो. लाकडाचा पाचमजली पॅगोडा आहे तो, भोवती नाताळच्या बाजाराची खोपटी लागतात. मामींसाठी आणि माझ्यासाठी फळांच्या रसाचा गरम पंच घेतला, नानांनी नुसतं गरम पाणी मागितलं आणि मिळवलंही. त्यांच्या कपात पहिलं भुरभुरं काही तरी पडलं.

मराठीत पावसाला पन्नास नावं आहेत, बर्फाला मात्र आपण एका शब्दात उरकतो. मामींनी ही उणीव तिथल्या तिथे भरून काढली. ‘अगं बाई, पिठीसाखर!’ त्या म्हणाल्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, ‘रवा झाला.’ मग साबुदाणा. पंच संपेपर्यंत पातळ पोहे पडायला लागले होते.

‘शिडकावा,’ नाना म्हणाले.

मनोऱ्यापासून थेट आमच्या भागात जाणारी बस आहे. ती आमच्यासमोर येऊन उभी राहिली, काचांना आतून वाफ धरलेली, आत माणसं पुस्तकं वाचत बसलेली. मी मामींकडे पाहिलं, मामींनी बसकडे पाहिलं. नानांनी चालकाला नमस्कार केला.

‘घर किती आहे इथून?’

‘साडेतीन किलोमीटर,’ मी म्हणालो. माझ्या आवाजात विनवणी होती, ती त्यांच्यापर्यंत गेली नाही.

‘म्हणजे अलका ते युनिव्हर्सिटी. चला, ऊब येईल.’

बर्फात चालणं पहिल्या किलोमीटरला फार सुंदर असतं. आवाज सगळे बसतात. दिव्याखाली फक्त पडणारं पांढरं दिसतं आणि आपल्या पायाखालचा, कोरड्या पिठात मूठ दाबल्यासारखा करकर आवाज. दुसऱ्या किलोमीटरला पापण्यांवर साचतं. तिसऱ्याला फुटपाथ कुठे संपतो ते समजेनासं होतं आणि माणूस मोटारींच्या रस्त्यावर चालतोय हे त्याला मोटारीकडून कळतं. त्या रात्रीचा बर्फ कोरडा नव्हता. शून्याच्या आसपासच्या हवेत पडणारा, ओला, जड, चिकट. छत्रीवर साचला की छत्री मिटते. झाडांनाही तेच होत होतं. कुठेतरी बागेत कडाड असा आवाज आला, फांदी मोडली.

नाना पुढे. माकडटोपीवर तीन बोटं थर. मी मध्ये. मामी मागे, बरोबर दहा पावलांवर.

‘जाडे पोहे!’ मागून आवाज आला.

पुढून उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने नाना न वळता म्हणाले, ‘वारा फिरला.’

घरी पोचलो तेव्हा त्यांचे कॅनव्हासचे बूट बुटांसारखे राहिले नव्हते, ओल्या पावाच्या लाद्या झाल्या होत्या. हिने गरम पाण्यात मीठ टाकून दोन टब मांडले, शेजारी शेजारी. दोघं पाय घालून बसली. नानांनी आधी वही काढली. कागद कडेने भिजला होता, पण दिवसभराच्या नोंदी शाबूत होत्या. बेरीज केली. मग पाय चोळले.

*

शनिवारी सकाळी मला जागच शांततेने आली. ट्रामचा आवाज नाही. खिडकीतून पाहिलं तर समोर उभ्या मोटारी दिसत नव्हत्या. मोटारींच्या आकाराचे पांढरे उंचवटे दिसत होते. म्युनिकमध्ये त्या सकाळी ४४ सेंटिमीटर बर्फ मोजला गेला. १९३३ पासून इथे मोजणी होते, तेव्हापासूनच्या कुठल्याही डिसेंबरात एवढा साचलेला नव्हता. विमानतळ बंद, त्या एका दिवसात सुमारे ७६० उड्डाणं रद्द. मुख्य स्टेशनात गाड्या येईनात, रात्री लोक डब्यांतच झोपले. बायर्न म्युनिकचा दुपारचा सामनाही रद्द. तारांवर आणि रुळांवर झाडं पडलेली. लोकल नाही, बस नाही, ट्राम नाही. जमिनीखाली काही मेट्रो चालू होत्या, तेवढ्याच.

मी हे एकेक मोठ्याने वाचत होतो. नाना गॅलरीच्या दारात उभे होते, हातात चहा.

‘नाना,’ मी अदबीने म्हणालो, ‘शिडकावा?’

‘शिडकावाच होता,’ नाना म्हणाले. ‘साचला.’

मला वाटलं होतं, हा त्यांचा दिवस. अख्खं शहर नानांच्या पातळीवर आलं होतं. सूटबूट घातलेले लोक रस्त्याच्या मधोमध चालत होते, बायका पोरांना घसरगाडीवर बसवून ओढत होत्या, कुणी दोन काठ्या घेऊन बर्फावरून सरकत पाव आणायला निघालेलं. शंभर टक्के जनता पायी. पण नाना काही खुलेनात. दोनदा गॅलरीत जाऊन थांब्याकडे बघून आले.

‘एकही येत नाही?’

‘नाही येणार. बंदच आहेत.’

‘दुपारनंतर?’

‘नाही हो.’

मग ते आत जाऊन वही उघडून बसले. मी चोरून पाहिलं. ‘२ डिसेंबर’ लिहिलेलं होतं, त्यापुढे ‘घर ते’ एवढं, आणि पेन्सिल हवेत. गाडीच नाही तर वाचलं काय लिहायचं? लेखा विभागातल्या माणसाला खोटी नोंद करवत नाही. ज्या दिवशी सगळ्या गावाला चालावं लागलं, त्या दिवशी नानांचं चालणंही माझ्यासारखंच अक्कलखाती जमा होत होतं.

अस्वस्थ माणूस हाताला काम शोधतो. खाली तळमजल्यावरच्या आजी, ऐंशीच्या असतील, फावड्याने दारासमोरचा फुटपाथ मोकळा करत होत्या. इथे बऱ्याच ठिकाणी घरासमोरची वाट मोकळी ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी असते. कुणी घसरून पडलं तर मालकाच्या गळ्याशी येतं. आमच्या इमारतीत हे काम आजींनी स्वतःकडे घेतलंय आणि ते कुणी काढून घेतलेलं त्यांना खपत नाही.

‘त्या बाई बर्फ उपसतायत आणि आपण चहा पितोय?’ नाना उठले.

पण बूट ओले. इथे मामींचा प्रवेश. पुण्याहून येताना चटण्या, मेतकूट, सांडगी मिरची असं सगळं त्यांनी चितळेंच्या दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्यांत बांधून आणलं होतं. दोन पिशव्या रिकाम्या झाल्या होत्या. नानांनी आधी लोकरी मोजा घातला. त्यावर पिशवी चढवली, टाचेपाशी घडी नीट बसवली, घोट्यावर रबर लावलं. त्यावर दुसरा मोजा, मग बूट. बुटाच्या वर दोन बोटं पिशवीची कड राहिली आणि तिच्यावरचं नाव अर्धं दिसत राहिलं. अशा सज्जतेने ते खाली उतरले. पाय शेवटपर्यंत कोरडे राहिले, हे मी इथे नमूद करतो.

आजींकडे दुसरं फावडं होतं. नानांनी ते घेतलं, एक ढीग उचलला आणि इकडेतिकडे पाहू लागले.

‘घमेलं कुठाय?’

‘घमेलं नसतं हो. कडेला टाकायचं.’

‘कडेला? म्हणजे शेजाऱ्याच्या दारात?’

‘नाही, आपल्याच दारात, रस्त्याच्या कडेला.’

‘आणि गोळा करून नेतं कोण?’

‘ऊन.’

नानांना ही व्यवस्था आवडली नसावी, पण कामाला लागले. तासाभराने जी वाट तयार झाली तिची कड पट्टीने आखल्यासारखी होती. दोन रेघा मारल्यासारखीच, खरं म्हणजे. आजींनी तिच्याकडे वाकून पाहिलं, सरळ झाल्या आणि म्हणाल्या, ‘ऑर्डेन्टलिश.’ म्हणजे व्यवस्थित. मी या इमारतीत सहा वर्षं राहतोय. मला हा शब्द अजून मिळालेला नाही.

*

दुपारी दूध संपलं. दुकान सहाशे मीटर. मी लेकीची घसरगाडी काढली, सामान आणायला. लाकडी, जुन्या पद्धतीची, पुढे दोरी बांधलेली. खाली आलो तर मामी कोट घालून दारात उभ्या. साडी घोट्याच्या वर खोचलेली, खाली हिची स्कीची विजार.

‘मी येणार,’ त्या म्हणाल्या.

‘चल की,’ नाना म्हणाले.

‘चालत नाही येणार.’ मामी आल्या, घसरगाडीवर बसल्या, पदर सावरला आणि दोरीचं टोक नानांच्या दिशेने टाकलं. ‘पंचेचाळीस वर्षं झाली. महाबळेश्वरला लग्नानंतर गेलो तर घोडा ठरवून, भाव करून, सोडून दिलात. प्रत्येक रिक्षा मी जाताना पाहिलीय. आज सगळ्या गावाची वाहनं बंद आहेत, तर मी वाहनातून जाणार.’

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी बर्फाकडे बघायला लागलो.

त्यांनी दोरी उचलली.

ओल्या बर्फात घसरगाडी ओढणं हे काम आहे. पहिली दहा-बारा पावलं ती हलली नाही, मग एकदम हलली आणि नानांच्या पोटरीवर आली. मग जमलं. नाना पुढे, कमरेत वाकून, माकडटोपी, बुटांवरून डोकावणारं दुधाच्या पिशवीचं नाव; मागे दोरीएवढ्या अंतरावर मामी, गुडघ्यांवर हात ठेवून, दोन्ही बाजूंची घरं बघत. दोरी अडीच-तीन पावलांची होती. म्हणजे दहा पावलांचं अंतर त्या दिवशी पहिल्यांदा घटलं. समोरून येणारे लोक बाजूला होऊन वाट देत होते. एक गृहस्थ टोपी काढून मामींना ‘ग्र्यूस गॉट’ म्हणाले. मामींनी हात जोडले.

वाटेत एका इमारतीच्या भिंतीला लाल-पांढरे पट्टे मारलेला बांबू तिरका टेकवून ठेवलेला होता आणि त्यावर पाटी. नाना थांबले. पाटी दिसली की त्यांचा पाय पुढे पडत नाही.

‘काय लिहिलंय?’

‘छपरावरचा बर्फ कोसळेल, सावध राहा.’

‘एवढंच? कोसळल्यास जबाबदार कोण ते नाही लिहिलं? आणि पाटी वाचायला माणूस उभा राहणार कुठे?’ त्यांनी वर पाहिलं. ‘बरोबर त्याच्याखाली!’

मी दोघांना ओढून बाजूला घेतलं. त्यांचं म्हणणं मात्र बिनतोड होतं.

दूध मिळालं. परतताना मामींच्या मांडीवर दुधाचे चार खोके, पाव, बटाटे. नाना थकले होते, पण दोरी मला देईनात. घराजवळच्या थांब्यापाशी ते थांबले. थांब्याच्या छपरावर गादीएवढा बर्फ होता, फलकावर काहीच दिसत नव्हतं आणि रूळ तर कुठे होते तेही कळत नव्हतं. नाना बराच वेळ तिथे उभे राहिले. एखाद्याच्या बंद दाराशी उभं राहावं तसे.

रात्री वहीत काय लिहिलं ते मी विचारलं. त्यांनी वही पुढे केली. ‘२ डिसेंबर. घर ते दुकान व परत. वाहन : घसरगाडी. प्रवासी : सौ. भाडे :’ आणि त्यापुढे रिकामी जागा.

‘हे नावे टाकू की जमा?’ त्यांनी मला विचारलं. बत्तीस वर्षांच्या अनुभवी माणसाने मला विचारलं.

‘जमा,’ स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या. ‘माझ्या खात्यावर.’

*

विमानतळ रविवारी सकाळी उघडला, पण ट्राम काही लगेच आली नाही. रुळांतला बर्फ गोठून दगड झाला होता आणि तारांवरच्या फांद्या उतरवत माणसं फिरत होती. रविवार गेला, सोमवार गेला. नाना रोज फिरायला जात, पण लवकर परत येत. ‘गंमत नाही,’ एवढंच म्हणत. अंतराबद्दल बोलेनात. एकदा तर स्टेशनपर्यंत जाऊन आल्यावर ‘बरंच आहे की’ म्हणाले आणि ही घाबरून त्यांचा ताप बघायला गेली.

मग त्याच आठवड्यात एका सकाळी आम्ही जेवणाच्या टेबलाशी असताना खालून, लांबून, ती घंटी वाजली. नाना ताटावरून उठले. माकडटोपी घातली, पिशव्या चढवायलाही थांबले नाहीत. मी गॅलरीत आलो तोवर ते थांब्यावर पोचले होते.

ट्राम कोपऱ्यावरून वळली, रिकामी, दिवे लागलेले, चाकांखालून बर्फाचा चुरा उडवत. बरोबर नानांसमोर थांबली. दारं उघडली. चालक बाईंनी बाहेर पाहिलं, या थंडीत एकटा म्हातारा उभा, म्हणून वाट बघत राहिल्या. नानांनी आतली गरम हवा चेहऱ्यावर घेतली, मानेने नमस्कार केला आणि हाताने ‘व्हा तुम्ही पुढे’ अशी खूण केली.

दारं मिटली. ट्राम गेली. नानांनी कोटाच्या आत हात घालून वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, आणि उभ्या उभ्या लिहून झाल्यावर वर गॅलरीकडे पाहून ओरडले, ‘जावईबापू, येताय का? इझारपर्यंत जाऊन येऊ. इथेच तर आहे.’